मदत हवी आहे: कोरियन कमेंटला कोरियनमध्येच रिप्लाय द्यायचाय, अर्जंट

क्रोशावाली:
माझ्या इन्स्टाच्या रीलवर एका कोरियन बाईंची कमेंट आलीये, कौतुक केलंय. नुसतं इंग्लिश थँक्यू नाही टाकायचं मला, त्यांच्या भाषेत नीट लिहायचंय की थँक्यू, तुमचं कामही मला खूप आवडतं, तुम्हाला फॉलो केलंय, बस एवढंच. शोधलं तर थँक्यूच तीन प्रकारचं निघालं, कुठलं टाकू? आज रात्रीच टाकायचंय, पटकन सांगा ना कुणीतरी.

भाषावेडा:
आधी हांगुल ही कोरियन लिपी शिका. मूळ १४ व्यंजनं, १० स्वर, बस. राजा सेजोंगने १४४६ मध्ये साध्या माणसांना लिहिता-वाचता यावं म्हणूनच ती जाहीर केली. देवनागरीत लिहून पाठ केलंत तर उच्चार कायमचे बिघडतात.

सोलापूरची_उन्नी:
अहो, तिला आज रात्री कमेंट टाकायचीये, परीक्षा नाही द्यायची. ताई, आधी सांग त्या बाई कोण, करतात काय, ओळख आहे का, आणि त्यांच्या वाक्यांच्या शेवटी आदराचं 'यो' येतंय का?

ड्रामाप्रेमी:
'गोमावो' टाक गं, सगळ्या सिरीयलमध्ये हेच असतं. पुढे उन्नी, म्हणजे ताई, लाव, खूष होतील.

सोलापूरची_उन्नी:
अजिबात नको! 'गोमावो' म्हणजे सरळ अगं-तुगं, जवळच्या मैत्रिणीत ठीक. आणि ज्यांचं वय माहीत नाही, ओळख नाही, त्यांना उन्नी म्हणजे उगाच लगट वाटते.

ड्रामाप्रेमी:
वय मोजायची जुनी पद्धत तर कोरियात २०२३ मध्ये कायद्याने बदलली, आता कोण बघतंय लहानमोठं?

सोलापूरची_उन्नी:
कागदोपत्री वय मोजणं बदललं, बोलण्यातला मान तोच आहे.

चाकणकर:
नोकरीसाठी शिकत असाल तर टोपिक ही कोरियन भाषेची परीक्षा द्या. रांजणगावला एलजीचा कारखाना आहे, आपल्याकडे दुभाषे लागतातच.

क्रोशावाली:
नोकरी नाही हो करायची!! त्या पण क्रोशाच्या बाहुल्या करून विकतात, ओळख काही नाही, शेवटी 'यो'च दिसतंय.

सोलापूरची_उन्नी:
मग झालंच की. हाताने वस्तू करणाऱ्यांना तिकडे 'जाक्कानिम' म्हणतात, कलाकाराला मानाने हाक मारावी तसं. 'जाक्कानिम, खाम्साहाम्निदा' असं सुरू कर, हे मानाचं थँक्यू. मग 'जाक्कानिम जाकफुम्दो नोमु येप्पोयो', म्हणजे तुमचं कामही फार सुंदर आहे. शेवटी 'फालोउ हेस्सोयो', फॉलो केलंय. 'तुम्ही' हा शब्दच घालू नकोस, ट्रान्सलेटर कधीकधी तिथे 'तांगशिन' टाकतो आणि ते अनोळखी माणसाला भांडायला उठल्यासारखं लागतं. हाक मारली की पुरे.

क्रोशावाली:
पण हे टाइप कुठे करू? माझ्या फोनवर कोरियन अक्षरंच नाहीत.

भाषावेडा:
कुठला फोन? कीबोर्डच्या सेटिंगमध्ये भाषा वाढवा म्हणून असतं, तिथून कोरियन घ्या, दुबोल्सिक ही कीबोर्डची मांडणी निवडा. डावीकडे व्यंजनं, उजवीकडे स्वर, एकेक दाबत गेलात की अक्षर आपोआप जुळतं. म्हणूनच म्हणत होतो आधी लिपी शिका.

ड्रामाप्रेमी:
शेवटी 'ख' ची ओळ टाक, खखखख, म्हणजे हसणं.

सोलापूरची_उन्नी:
पहिल्याच कमेंटला नको, खिदळल्यासारखं होतं. 'ह' दोनदा टाक, ते मंद हसू. आणि 'यू' स्वर दोनदा म्हणजे रडके डोळे, भारावून गेल्यावरही टाकतात.

क्रोशावाली:
टाकली कमेंट, त्यांनी हार्टपण दिलं!! पण आता भला मोठा डीएम आलाय, त्यात 'मात्फाल' असं काहीतरी आहे, कुणी ऑनलाइन आहे का?

सोलापूरची_उन्नी:
तू मला फॉलो, मी तुला फॉलो. 'नेए, चोआयो' लिही, म्हणजे हो, चालेल. बाकीचा डीएम इथे चिकटव, पण त्यांचं नाव काढून.