पहाटेचं दूध आदल्या दिवसात मोजलं जातंय, टाइमस्टॅम्प (नोंदीची वेळ) दिवसाच्या सुरुवातीला खाली आणताना काय चुकतंय?

प्रश्न:
गावच्या दूध संकलन केंद्रासाठी छोटं सॉफ्टवेअर लिहितोय. नोंदी युनिक्स सेकंदात साठवल्यात, आणि दिवसाची बेरीज काढायला सेकंदांना ८६४०० ने (एका दिवसाचे सेकंद) भागून जी बाकी उरते ती वजा करतो, म्हणजे त्या दिवसाची सुरुवात मिळायला हवी ना. सहाला येणाऱ्यांचं बरोबर येतं, संध्याकाळचं पण बरोबर, पण ५:१० ला घातलेलं दूध आदल्या दिवसात दिसतं. पावतीवर तारीख नीट छापते. शेतकऱ्यांच्या पैशाचा मामला आहे, लवकर सांगा कोणीतरी.

उत्तर १:
युनिक्सचे सेकंद १ जानेवारी १९७० च्या यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) मध्यरात्रीपासून मोजतात आणि तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजले होते. म्हणजे तुझा दिवस रोज ५:३० ला सुरू होतोय. आधी १९८०० सेकंद (साडेपाच तास) मिळव, मग दिवसाच्या सुरुवातीला खाली आण, मग तेवढेच वजा कर. मूळ नोंदींना हात लावू नको हां, त्या बरोबरच आहेत, फक्त गट चुकीचे पडलेत.

उत्तर २:
१९८०० चालेल, भारतात घड्याळ उन्हाळ्या-हिवाळ्यात मागेपुढे करत नाहीत म्हणून, पण मी तरी आकडा कोडमध्ये ठेवणार नाही. डेटाबेस पोस्टग्रेस १२ किंवा पुढचं असेल तर डेट-ट्रंकला (वेळ दिवस-आठवड्याच्या सुरुवातीला आणणारं त्याचं फंक्शन) तिसऱ्या जागी टाइमझोन देता येतो, तिथे एशिया/कोलकाता दे. पायथनमध्ये आधी लोकल वेळेत आण आणि मग तास, मिनिटं, सेकंद शून्य कर. तासवार रिपोर्ट असेल तर तोही तपास, ३६०० ने भागलंस तर १०:४५ चं १०:०० न होता १०:३० होईल. पंधरा मिनिटांच्या गटात मात्र ही चूक दिसतच नाही कारण साडेपाच तासांत पंधराचे बरोबर २२ भाग बसतात, त्यामुळे टेस्टिंगमधून सुटते.

प्रश्नकर्ता:
झालं! ५:१० चं दूध जागेवर आलं, खूप आभार दोघांचे. आता आठवड्याचा रिपोर्ट गुरुवारपासून सुरू होतोय, तो पण असाच भागाकार करून काढलाय.

उत्तर २:
१ जानेवारी १९७० ला गुरुवार होता, म्हणून. सात दिवसांनी भागू नको, लोकल तारखेचा वार काढ आणि सोमवारपर्यंत तेवढे दिवस मागे जा. डेट-ट्रंकला आठवडा सांगितला तर ते सोमवारच देतं.

उत्तर ३:
पेमेंट दहा-दहा दिवसांनी असेल तर अजून एक बघ. तारखेतून १ वजा करून १० ने भागलं की १ ते १०, ११ ते २०, २१ ते ३० असे गट बरोबर पडतात पण ३१ तारीख एकटीच चौथ्या गटात जाते. माझ्याकडे हे झालंय, ३१ चं दूध कुठल्याच बिलात नव्हतं. भागाकाराचा पूर्णांक २ पेक्षा मोठा आला तर २ च धर.