वाड्याची मंडळी 🐂🙏

*पोळ्याचा दिवस, सकाळ*

भास्करकाका (६:०८): सर्वांना पोळ्याच्या शुभेच्छा. एक विचारतो, कोणी राग मानू नये. काल खांदशेकणी होती. बैलाच्या खांद्याले हळद-तूप लावाचा दिवस, आवतन द्याचा दिवस. आन् घरची सून नागपूरले मैत्रिणीसंगं मेट्रोत फोटो काढून रायली. ज्याची त्याले समज पाहिजे. बाकी मी कोणाचं नाव घेतलं नाई.

भास्करकाका: आन् माह्या पंपाचा वायसर आणला का?

नलूआत्या, वरोरा: 🌹🌹 *फॉरवर्ड केलेला* : सण आला पोळ्याचा, सर्जा-राजाच्या मानाचा 🌹🌹

विजू: काका, खांदशेकणी मी केली. पळसाचं पान मी आणलं. तूप मंगलानं आदल्या रात्रीच वाटीत काढून ठेवलं होतं, हळद बी. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" हे बी मीच म्हटलं. तुमी तवा पानठेल्यावर होते.

प्रमिलाकाकू: पानठेल्यावर जाणं काई गुन्हा नाई.

विजू: मी कुठं म्हटलं काकू.

छायाताई, यवतमाळ: शुभेच्छा सगळ्यांना. वहिनी उठली का? माझी संत्रा बर्फी आणली ना? ऑफिसात सांगून बसले आहे.

नलूआत्या: माह्यं डोरलं झालं का गाठून

सुनील, पुणे: गुड मॉर्निंग. महालक्ष्म्यांच्या साड्यांचे फोटो टाका कोणीतरी. प्रियाला बघायचेत.

भास्करकाका: वायसरचं कोणी सांगन का. कपाशीवर बोंडअळी येऊन रायली, उद्या फवारणी हाय. येवढ्या मोठ्या नागपुरात एक वायसर नाई भेटला?

रोहन (नागपूर हॉस्टेल): आबा, मामीनं काल ग्रुपवर २३ फोटो टाकले. त्यात एकबी वायसर दिसत नाई 😅

भास्करकाका: थेच म्हनतो मी.

प्रमिलाकाकू: फोटोवरून आठवलं. १४ नंबरचा कोणी नीट पाह्यला का? लाल रस्सा, वर तेलाचा तवंग, संगं भाकर. मागं पाटी दिसते, सावजी भोजनालय. श्रावण आज संपते, काल संपला नव्हता. मी काई म्हनत नाई.

सुनील: काकूंनी काही न म्हणता सगळं म्हटलं 😂

प्रमिलाकाकू: मोठा करून पाहा. हाड दिसते.

रोहन: आजी, थो स्टीलचा चमचा हाय.

प्रमिलाकाकू: चमचा असा वाकडा असते?

रोहन: सावजीत असते 🙏

भास्करकाका: संगं कोण होतं थे बी सांगा. सुषमा. कोणाची पोरगी हाय माईत हाय न सगळ्याइले? ज्यायनं आपला बांध कोरला त्यायची. मी केस अजून विसरलो नाई.

विजू: काका, बांध तिच्या काकानं कोरला. ती तवा चौथीत होती. मंगलासंगं एका बाकावर.

भास्करकाका: रक्त एकच.

छायाताई: काका सणाच्या दिवशी तरी बांध नको 🙏

नलूआत्या: डोरलं?

*(८:१५)*

भास्करकाका: एसटीत बायाइले अर्धं तिकीट झालं तवापासून गावात सकाळची भाकर येळेवर होत नाई, हे मी आज सांगत नाई. त्यात लाडकी बहिणीचे १,५०० येतात. मंग काय, चला नागपूरच्या बाजारात, बर्डीवर.

छायाताई: काका, अर्धं तिकीट मार्च २०२३ पासून आहे. तुमचं तर त्याच्याही आधीपासून, ७५ च्या वरच्यांना पूर्ण फुकट. मागच्या महिन्यात तुम्ही तीन मित्र माहूरला जाऊन आलात. आम्ही ग्रुपवर काही लिहिलं का?

भास्करकाका: माहूर देवस्थान हाय.

रोहन: नागपुरात बी टेकडी गणपती हाय आबा, स्टेशनाजवळ.

भास्करकाका: गेली होती का थे टेकडीवर?

रोहन: …

सुनील: मला एक कळत नाही, एक दिवस गेली तर गेली. एवढं काय.

प्रमिलाकाकू: पुण्यावरून बोलाले काय जाते भाऊ. इथं पुरणाचं जातं कोण फिरवन? तू तं महालक्ष्मीलेच येशीन, जेवाच्या टायमाले.

सुनील: *हा मेसेज हटवला गेला आहे*

नलूआत्या: काय लिवलं होतं सुनील? मले दिसलं नाई

*(९:४०)*

मंगला: पुरण वाटून झालं, कणीक भिजत घातली. आता लिहिते. मधात कोणी बोलू नका.

मंगला: हिंगणघाटाहून पहिल्या गाडीनं निघालो. जाम, बुटीबोरी, अन् खापरीले उतरलो. सुषमा म्हणे गणेशपेठ स्टँडपर्यंत जाऊन अटोवाल्याशी कायले भांडाचं, इथूनच मेट्रो पकडू. पट्टकन बर्डी. त्याच गाडीनं पुढं कस्तुरचंद पार्क. तर्री पोहे खाल्ले. आपल्याकडं बी भेटतात, पण तिथं चण्याची तर्री अशी वततात का पोहे खाली बुडून जातात. वरून कांदा, शेव, लिंबू. डोळ्यातून पाणी, नाकातून पाणी. सुषमानं दुसरी प्लेट घेतली. मी नुसती तर्री मागून घेतली, तिचे पैसे लावत नाई.

रोहन: मामी तिथली तर्री म्हणजे 🔥🔥

मंगला: मधात बोलू नको म्हटलं न पोट्ट्या.

भास्करकाका: वायसर

मंगला: येते तिथं. तर पोहे खाऊन परत बर्डी, बर्डीले गाडी बदलून चितारओळी चौक, तिथून पायी इतवारी. आता नीट वाचा. दहाले इतवारीत शिरलो, दीडपर्यंत आमी दोघी तुमचीच कामं करून रायलो होतो. आत्याबाईचं डोरलं पटव्याकडे देलं. तो म्हणे दोन तासानं या. मंग गांधीबागेत साड्या. तिथं ठोकवाले दुकानदार एकेक नग देतच नाई, घ्या तं अख्खा गठ्ठा घ्या. चार दुकानं फिरलो. पाचव्यात सुषमानं त्याले अशी बोलण्यात धरली का त्यानं गादीवर चहा मांगवला अन् गठ्ठा सोडून जोडी देली. एक हिरवी, एक लाल, काठ सारखा. ज्येष्ठेले हिरवी, दरवर्षीसारखी. दोन्ही मिळून १,९०० सांगत होता, १,४५० ले देल्या.

प्रमिलाकाकू: काठ बारीक वाटते.

मंगला: काकू, फोटोत बारीक वाटते. नेसवल्यावर पाहा.

प्रिया (सुनील): सुंदर आहेत वहिनी 😍 पैठणी बॉर्डर नव्हती का पण?

मंगला: १,४५० मध्ये नव्हती.

मंगला: मंग महालात बडकस चौकाकडं. चिकूचा तान्हा पोळ्याचा नंदी, उद्या पोरं घरोघरी नेतात थो लाकडी बैल. काकाजी, तुमच्याच नातवाचा. तुमीच म्हणले होते, मागच्या वर्षी पाटलाच्या पोराचा नंदी मोठा होता, यंदा आपला दिसला पाहिजे. चाकावरचा, पितळी घुंगरू लावलेला घेतला. तो नंदी मी अन् सुषमानं मेट्रोत उभं राहून आणला. लोकं उठून जागा देत होते, आमाले नाई, नंदीले. गार्ड म्हणे बाई सामान खाली ठेवा. सुषमा म्हणे देव हाय, खाली कसा ठेवू.

रोहन: 😂😂😂 तान्हा पोळा नागपूरकर भोसल्यांनीच सुरू केला, दुसऱ्या रघुजींनी. म्हणजे नंदी आपल्या माहेरातूनच आला.

मंगला: इतवारीत परवाच्या मारबतीची, म्हणजे ईडा पीडा घालवाच्या पुतळ्याच्या मिरवणुकीची, तयारी दिसत होती. म्हणजे उद्याच्या.

रोहन: हो मामी, काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून निघते. उद्या आमच्या हॉस्टेलचे सगळे जाणार. संगं निघणारे टिंगलीचे पुतळे, बडगे, यंदा कशावर असतील पाहू.

सुनील: ग्रुपवरची ईडा पीडा पण घेऊन जा गे मारबत 😜

भास्करकाका: कोणाले उद्देशून बोलला?

सुनील: बोंडअळीला काका.

भास्करकाका: मंगला, वायसरचं सांग.

मंगला: सांगते काकाजी. मी आठ दिवस आधीपासून म्हणून रायली होती, जुना वायसर नमुन्याले द्या. तुमी म्हणले दुकानदाराले समजते. मी कॉटन मार्केटजवळच्या दोन दुकानात विचारलं. पहिला म्हणे कंपनी कोणती? मी म्हटलं निळा पंप. दुसरा म्हणे पाठीवरचा का बॅटरीचा? मी म्हटलं पाठीवरचा, निळा. त्यानं पाच तऱ्हेचे वायसर काउंटरवर मांडले. पाचही काळे, पाचही गोल. मी काय आणू?

भास्करकाका: पाचही आणाचे. चार परत करता आले असते.

विजू: कोण करन परत? कवा?

भास्करकाका: विचारलं म्हणून सांगतलं.

प्रमिलाकाकू: थे १४ नंबरच्या फोटोचं राह्यलं.

मंगला: काकू, पाटोडी होती. सावजी म्हटलं का तुमाले मटनच दिसते. हलबा कोष्टी लोकायच्या घरचं जेवण थे, मागावर लुगडी विणणाऱ्यायचं. पाटोडी रस्सा बी त्यायचाच. बेसनाची घट्ट पाटोडी, रस्सा तोच काळ्या मसाल्याचा. भोजनालयवाला स्वतः म्हणे, श्रावणात आमी पाटोडीचं पातेलं मोठं चढवतो. दोन भाकरी, कांदा, लिंबू. पहिल्या घासाले कानातून धूर निघाला. पण सांगू, दीड-दोनले सकाळच्या भाकरीची भांडी घासत नव्हते मी. खुर्चीवर बसली होती अन् कोणीतरी वाढून देत होतं. तीनदा विचारलं त्या पोरानं, मावशी रस्सा देऊ? मी तिन्ही वेळा हो म्हटलं.

छायाताई: ❤️

प्रमिलाकाकू: पाटोडीत कांदा असते का त्यायच्या? आपल्याकडं चतुर्मासात कांदा चालत नाई.

रोहन: आजी, परवा तुमच्या हातची कांदाभजी कोणी खाल्ली?

प्रमिलाकाकू: थे पावसामुळं.

नलूआत्या: माह्या डोरल्याचं कोणीच बोलत नाई. काळे मणी तेच लावले न? बदलवले तं नाई त्यानं?

मंगला: आत्याबाई, समोर बसून गाठून घेतलं. मणी तेच, वाट्या त्याच, दोरा नवीन. इतवारीत मग एक तास पटव्यापुढं बसलो, सुषमानं त्याचे मणी मोजले. तो म्हणे ताई तुमी पोलिसात हाय का? ती म्हणे अंगणवाडीत. तो म्हणे मंग बरोबर.

विजू: 😂

मंगला: शेवटी बर्डी. छायाताई, तुमची संत्रा बर्फी घेतली, एक किलो, दोन डब्यात. आता संत्र्याचा मोसम नाई, तं मी विचारलं ताजी कशी? म्हणे गर साठवून ठेवतात. चाखून पाह्यली, चांगली हाय. मंग दोघींनी दिनशॉचं आइस्क्रीम खाल्लं. माह्यासाठी एक चप्पल घेतली. फोटो टाकला नाई, कारण काकू मोठा करून पाहतीन.

प्रमिलाकाकू: केवढ्याची?

मंगला: शिलाईच्या पैशाची.

भास्करकाका: फोन काऊन बंद होता? रात्री आठपासून लावून रायलो.

मंगला: बॅटरी संपली होती. नंदीचे घुंगरू, साड्या, बर्फी, डोरलं ब्लाऊजमध्ये बांधलेलं, अन् उभ्यानं जामपर्यंत. सणाची गर्दी. विजूले मी बुटीबोरीहून सुषमाच्या फोनवरून कळवलं होतं.

विजू: कळवलं होतं. मी काकाले सांगतलं बी. काका म्हणे मले तिच्याशीच बोलाचं हाय.

सुनील: वायसरसाठी 😂

भास्करकाका: मले पोरीबाळीची काळजी वाटते म्हणून लावला. हासता काय.

*(१०:२५)*

मंगला: आता हिशोब टाकते. साड्या १,४५०, त्यात आपले चार घर, दरघरी ३६३ म्हणा. बर्फी छायाताई ६८०. डोरलं गाठाई १५०, आत्याबाई. नंदी ८५०, काकाजी. तिकिटं माही मी काढली, थे कोणाच्या हिशोबात नाई.

सुनील: माझे साडीचे पाठवले वहिनी. ४०० पाठवले, चहाचे धरा.

छायाताई: पाठवले. थँक यू गं, खूपच केलंस.

नलूआत्या: १५० जास्त घेतले. आमच्या वरोऱ्यात ८० मध्ये गाठून देते बाई. इतवारी म्हणजे लूटच

मंगला: पुढच्या वेळी वरोऱ्यातच गाठा आत्याबाई 🙏

नलूआत्या: तसं नाई म्हटलं मी. राग नको मानू. तुह्यासारखी सून नाई

विजू: आत्या, मग १५० का ८०?

नलूआत्या: 🙏🌹

भास्करकाका: माह्या हिशोबात काय निघते? वायसर तं आणलाच नाई.

मंगला: नंदी ८५०, काकाजी.

भास्करकाका: नंदी मी आणाले सांगतला नव्हता. मी फक्त म्हटलं होतं का पाटलाच्या पोराचा मोठा होता.

प्रमिलाकाकू: तुमी "यंदा आपला दिसला पाहिजे" म्हटलं होतं. मी समोर होती.

भास्करकाका: तू कोणाच्या बाजूनं हाय?

प्रमिलाकाकू: नंदीच्या. चिकू रात्रभर त्याले उशाले घेऊन झोपला.

भास्करकाका: ठीक हाय. उद्या चिकू नंदी घेऊन घरोघरी जाईन तवा बोजारा भेटन. त्यातून वळते करून घे.

रोहन: आबा, एका घरी दहा रुपये देतात. ८५ घरं लागतीन.

मंगला: आपल्या गावात साठच हाय. बाकीचे २५०?