पातेरा (बागेतला गळलेला सुका पाला) बॉयलरला देताय, मग बागेतल्या कलमांना काय?

कुडाळचा बागायतदार: काल इथे कुणी लिहिलंय, "कोकणात पातेरा कुजून वाया जातो, त्याच्या ब्रिकेट (दाबून केलेल्या जळाऊ विटा) करून कारखान्यांच्या बॉयलरला विका." वाया? कलमांच्या बुडात पातेरा नसला तर मार्चपासून कातळावरची माती भाजून निघते. ऊर्जा हवी तर गोबरगॅस घाला. गॅस चुलीला, प्लांटमधून उरलेल्या रबडीतलं, म्हणजे स्लरीतलं, नत्र शेताला. ब्रिकेट जाळली की नत्र धुराबरोबर गेलं.

लांजा_काजू: दादा, शेण कुठून आणू? दोन घनमीटरच्या प्लांटला रोज 50 किलो लागतं. वाडीत गुरं उरलीत कुणाकडे? आणि माडाच्या झावळा, नारळाची सोडणं टाकीत घालून बघा, तशीच तरंगतील. त्यांतलं लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारा भाग, गॅस करणाऱ्या जिवाणूंना पचत नाही. ती गॅसिफायरमध्येच जायला हवीत, कमी हवेत अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन देतात.

कुडाळचा बागायतदार: गुरं नाहीत तर खरकटं आहे ना! पुण्याच्या आरती (ARTI) या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या संस्थेला खरकट्यावर चालणाऱ्या प्लांटसाठी 2006 साली शाश्वत ऊर्जेचा ॲशडेन पुरस्कार मिळाला.

गुहागरची काकू: पातेऱ्यावर भांडताय, आणि भाताची रोपं करायच्या आधी वाफा भाजतात त्या भाजावळीत कवळ (झाडांच्या तोडलेल्या फांद्या), शेणी, पातेरा उघड्यावर जळतो त्याचं काय?

राजापूर_भात: भाजावळीला हात लावू नका! तणाचं बी मरतं, राखेतून पालाश मिळतं, तरवा (भाताची रोपं) अलगद उपटतो. एका वर्षी न भाजता पेरलं, तर तरव्यापेक्षा तण उंच. मुंबईत बसून शिकवू नका.

गुहागरची काकू: मुंबईत नाही, इथेच चिखल तुडवते मी. डॉ. ना. कृ. सावंतांच्या चारसूत्री भातलागवडीत वाफ्यात भाताच्या तुसाची काळी राख मिसळतात. त्यातल्या सिलिकाने रोप कणखर होतं. तूस गिरणीत पडून असतं, मग कवळासाठी ऐन-किंजळाची झाडं दरवर्षी बोडके का करायचे? आमच्याकडे भाजावळीची आग शेजारच्या बागेत शिरली, फळं धरणारी कलमं होरपळली. भरपाई कुणी दिली?

राजापूर_भात: आगीचं मान्य, काकू. राख मिळाली तर एक वाफा करून बघेन. एकच.

लांजा_काजू: बॉयलरला काय जाळायचं, हा मूळ मुद्दा राहिला. काजूची टरफलं तेल न काढता जाळतात, त्या धुराने आमचे डोळे नि घसा चुरचुरतो. तेल काढून उरलेली पेंड जाळा, ते खरं इंधन. पातेरा ठेवा बागेत, तेवढं तुमचं. पण सोडणांचं उत्तर तुम्ही अजून दिलेलं नाही.

कुडाळचा बागायतदार: सोडणं न्या, झावळाही न्या. पातेऱ्याचा ट्रक आमच्या पाणंदीत आला तर मी आडवा पडेन.