चयापचय : यात ‘पच’ कुठून आलं?

भाचा दहावीला आहे, इथं सोलापुरातच, मराठी माध्यमात. काल कडक भाकरी चुरता चुरता म्हणाला, “मामा, चयापचय म्हणजे पचनच की ओ. शब्दातच ‘पच’ आहे.” मी हो म्हणून मोकळा झालो, मग शंका आली. दोन्ही एकच का?

—

नाही. ते ‘पच’ फसवं आहे. शब्द चया-पचय असा फुटत नाही, चय + अपचय असा फुटतो. अ आणि अ मिळून आ झाला. चय ‘चि’ धातूचा : गोळा करणं, रचणं. संचय त्याच घरातला. पचन मात्र ‘पच्’ धातूचं, म्हणजे शिजवणं. दोघांचं नातंगोतं नाही.

मालदांडी ज्वारीच्या भाकरीतल्या पिष्टाचं आतड्यापर्यंत ग्लुकोज होतं, ते पचन. ग्लुकोज रक्तातून पेशीत गेलं की पुढचा कारभार चयापचयाचा. तिथं ते मोडून ऊर्जा सुटते. थोडी उष्णता होऊन जाते, थोडी पेशी एटीपी नावाच्या रेणूच्या रूपात हाताशी ठेवते. हा अपचय. तीच ऊर्जा खर्चून अमिनो आम्लांची प्रथिनं जोडणं, हा चय. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या, विणकरांच्या मागावर नुसतं विणतात. पेशीत एकीकडे विणणं, दुसरीकडे उसवणं, आणि माग चालवायची वीज त्या उसवण्यातूनच! भाचा झोपला तरी दोन्ही चालू.

खरं तर आजीला हा फरक ठाऊक असतो. “पोराला पचतं सगळं, पण अंगी लागत नाही.” पचणं वेगळं, अंगी लागणं वेगळं. माझ्या मते चय या शब्दाला याहून चांगला मराठी पर्याय नाही.

—

मग मोबाइलवर ‘उपापचय’ दिसतं, ते?

—

ते हिंदी पुस्तकांतलं. अर्थ तोच. खरा घोळ रसायनशास्त्रात होतो : हिंदीत अपचयन म्हणजे रिडक्शन, त्याला आपल्याकडे क्षपण म्हणतात. हिंदी व्हिडिओ बघून अभ्यास करत असेल तर एवढं त्याला सांगून ठेवा.

—

सांगितलं. आता विचारतो, जिममध्ये ‘मेटॅबॉलिझम स्लो आहे’ म्हणतात, ते मराठीत कसं म्हणायचं?

—

चयापचय मंद आहे. पेपरात असंच लिहू दे. बोलताना मीही मेटॅबॉलिझमच म्हणतो.