३४ टक्के मतं, ६३ टक्के जागा: ब्रिटनमधल्या विरोधकांची तक्रार रास्त आहे का?

लेस्टरवासी

४ जुलै २०२४ च्या ब्रिटिश सार्वत्रिक निवडणुकीत मजूर पक्षाला ३३.७ टक्के मतं पडली आणि ६५० पैकी ४११ जागा मिळाल्या. रिफॉर्म यूकेला मतं १४.३ टक्के, जागा ५. लिबरल डेमोक्रॅट पक्षाला मतं त्याहून कमी, १२.२ टक्के, आणि जागा मात्र ७२. मतांना जागांनी भागून बघा. मजूर पक्षाला एका खासदारामागे साधारण साडेतेवीस हजार मतं लागली, ग्रीन पक्षाला साडेचार लाखांच्या वर आणि रिफॉर्मला आठ लाखांच्या वर.

रिफॉर्म यूकेचे नेते नायजेल फराज यांचं राजकारण मला अजिबात पटत नाही. स्थलांतरितांविषयी त्यांचा पक्ष जे बोलतो, ते माझ्या घरादाराविषयीच असतं. तरीही निकालानंतर त्यांनी या मतदानपद्धतीविरुद्ध जो आवाज उठवला, तो मला रास्त वाटतो. लिबरल डेमोक्रॅट आणि ग्रीन पक्ष तर कित्येक वर्षं हेच सांगत आले आहेत. २०१९ मध्ये जेरेमी कॉर्बिन यांच्या मजूर पक्षाला १ कोटी २ लाखांवर मतं मिळाली आणि सगळ्यांनी त्याला धुव्वा म्हटलं. २०२४ मध्ये किअर स्टार्मर ९७ लाख मतांवर प्रचंड बहुमत घेऊन आले.

माझा स्वतःचा मतदारसंघ लेस्टर ईस्ट. १९८७ पासून मजूर पक्षाचा बालेकिल्ला. या खेपेला हुजूर पक्षाच्या शिवानी राजा साडेचौदा हजार मतांवर, म्हणजे सुमारे ३१ टक्क्यांवर निवडून आल्या. मजूर पक्षाचे राजेश अगरवाल दहा हजारांच्या आसपास राहिले. त्याच पक्षाच्या तिकिटावर २०१९ ला निवडून आलेल्या क्लॉडिया वेब अपक्ष उभ्या होत्या, आणि त्यांच्या आधी ३२ वर्षं खासदार असलेले, मूळचे गोमंतकीय कीथ वाझही वेगळे उभे होते. या दोघांनी मिळून नऊ हजारांवर मतं घेतली. मतविभागणी म्हणजे काय हे आपल्याकडच्या वाचकांना समजावून सांगायला नको. मुद्दा असा, की इथल्या दर दहांतल्या जवळपास सात मतदारांनी दुसऱ्या कुणाला तरी मत दिलं होतं.

जेवढी मतं तेवढ्या जागा, निदान त्याच्या जवळपास तरी, ही मागणी आता मान्य व्हायला हवी असं माझं स्पष्ट मत आहे. विरुद्ध मताच्या लोकांनी जरूर लिहावं.

टेम्सतीर

मी विरुद्ध मताचा. आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष चुकीचा आहे.

ही एक निवडणूक नव्हतीच, ६५० वेगवेगळ्या निवडणुका होत्या. प्रत्येक पक्षाला नियम आधीपासून ठाऊक होते. एड डेव्ही यांच्या लिबरल डेमोक्रॅट पक्षाने ते ओळखून मोजके मतदारसंघ निवडले आणि तिथे दारोदार फिरून काम केलं. रिफॉर्मची मतं देशभर पातळ पसरली. एका गावात पाय रोवून तिथल्या लोकांचा विश्वास मिळवणं ही लोकप्रतिनिधीची पहिली परीक्षा आहे, आणि ती परीक्षा काढून टाका असं तुम्ही म्हणताय.

दुसरं, लिझ ट्रस. साऊथ वेस्ट नॉरफोकमध्ये २०१९ ला त्यांचं मताधिक्य २६ हजारांवर होतं. २०२४ ला त्या ६३० मतांनी पडल्या. माजी पंतप्रधानाला तिच्याच मतदारांनी घरी बसवलं! पेनी मॉर्डंट, ग्रँट शॅप्स, जेकब रीस-मॉग हे हुजूर पक्षाचे बडे नेतेही पडले. यादी पद्धत, म्हणजे मतांच्या प्रमाणात पक्षाच्या यादीतून खासदार घ्यायची पद्धत, असती तर ही सगळी मंडळी पक्षाच्या यादीत वरच्या नंबरवर असती आणि आरामात पुन्हा संसदेत जाऊन बसली असती. नको असलेल्या माणसाला नाव घेऊन पाडण्याचा हक्क मी सोडणार नाही.

आणि खासदार आपला असतो, याची किंमत मला माहीत आहे. बायकोच्या व्हिसाचं काम कित्येक महिने अडकलं होतं. शनिवारी सकाळी खासदार वाचनालयातल्या एका खोलीत लोकांना भेटतात, तिथे रांगेत बसलो. त्यांच्या सहायिकेने सगळे कागद तपासले, संदर्भ क्रमांक लिहून घेतला, पुढच्या आठवड्यात पत्र गेलं. मी त्यांना मत दिलेलं नव्हतं आणि तसं त्यांनी विचारलंही नाही. यादीतून आलेल्या तीनशे खासदारांपैकी मी कुणाच्या दारात जाऊन बसायचं?

कृष्णाकाठ

सांगलीहून लिहितोय. इथल्या चर्चेत एक गोष्ट कुणी आणली नाही. ब्रिटनने ५ मे २०११ ला या विषयावर सार्वमत घेतलं होतं आणि ६७.९ टक्के लोकांनी बदल नाकारला. पण नाकारलं काय, ते बघा. मतदारसंघ तेच, खासदार एकच, फक्त उमेदवारांपुढे १, २, ३ असा पसंतीक्रम लिहायचा. म्हणजे थेट आपली पदवीधर मतदारसंघाची पद्धत.

मी पदवीधरच्या निवडणुकीत मतमोजणी प्रतिनिधी म्हणून बसलो आहे. जांभळ्या स्केचपेनने आकडा लिहायचा, बरोबरची खूण केली की मत बाद. बाद मतांचा गठ्ठा बघून वाईट वाटतं, कारण सगळे पदवीधर. पहिल्या पसंतीत कुणाला निम्म्याहून जास्त मतं नसली की शेवटचा उमेदवार बाद करून त्याचे गठ्ठे फोडायचे, पुढची पसंती बघायची, वाटून द्यायचे. पहाट होते. पण शेवटी जो निवडून येतो, त्याच्यामागे बहुतेक वेळा मोठा हिस्सा उभा असतो. लेस्टर ईस्टमध्ये ही पद्धत असती तर वेब आणि वाझ यांच्या मतदारांनी दुसरी पसंती कुणाला दिली असती, हे समजलं असतं. मतविभागणीवर हा उपाय नक्की आहे. जेवढी मतं तेवढ्या जागा मात्र यातून मिळत नाहीत. या दोन गोष्टींची सरमिसळ करू नका.

सोनचाफा

मला विरोधी पक्षांच्या कळकळीवरच विश्वास नाही. १९८३ ला सोशल डेमोक्रॅट आणि लिबरल यांच्या आघाडीला २५.४ टक्के मतं आणि २३ जागा मिळाल्या. मजूर पक्षाला २७.६ टक्के आणि २०९ जागा. तेव्हा मजूर पक्षाला यात काही गैर वाटलं नाही. २०१५ ला फराज यांच्या तेव्हाच्या यूकेआयपी पक्षाला ३८ लाखांवर मतं पडून एकच खासदार आला, क्लॅक्टनचा, तेव्हाही मोठे पक्ष गप्प. पुढे विरोधात असताना मजूर पक्षाच्या २०२२ च्या अधिवेशनात प्रमाणशीर प्रतिनिधित्वाचा, म्हणजे जेवढी मतं तेवढ्या जागांचा, ठराव मंजूर झाला. सत्ता आली आणि ठराव बासनात गेला. आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

आता रिफॉर्मकडे बघा. मे २०२५ च्या स्थानिक निवडणुकांत त्यांनी १० कौन्सिलं जिंकली. रनकॉर्न अँड हेल्सबीची पोटनिवडणूक ६ मतांनी खिशात घातली. त्यानंतरच्या जनमत चाचण्यांत पुढे राहिले. तिशीच्या आसपास टक्क्यांवर याच पद्धतीने बहुमत मिळणार असं दिसलं की फराज यांचा आवाजही खाली येईल, लिहून ठेवा.

लेस्टरवासी

सोनचाफाताई, तुमचं म्हणणं खरं आहे आणि म्हणूनच मी पक्षांची बाजू घेत नाही, मतदाराची घेतोय. मागणारा स्वार्थी आहे म्हणून मागणी खोटी ठरत नाही. तुम्ही रिफॉर्मचं जे भाकीत केलंत, तेच माझ्या भीतीचं कारण आहे. आज ३४ टक्क्यांवर मजूर पक्ष एकहाती कायदे करतो. उद्या ३० टक्क्यांवर दुसरा कुणी करेल, आणि तेव्हा माझ्यासारख्यांच्या राहण्याच्या हक्कावरचा कायदाही त्यात असू शकेल. सत्तर टक्के लोक विरोधात असून सभागृहात त्यांची संख्या पुरणार नाही.

टेम्सतीर, विरोधी बाकांवरच्या कामाचंही बघा. दर बुधवारी पंतप्रधानांना प्रश्न विचारतात, त्यात विरोधी पक्षनेत्या केमी बेडनॉक यांना सहा प्रश्न, तिसऱ्या पक्षाच्या एड डेव्हींना दोन. बाकीच्यांची नावं सोडतीत निघाली तर. विरोधी पक्षांसाठी राखून ठेवलेले दिवस संसदेच्या एका सत्रात २०, त्यातले १७ मुख्य विरोधी पक्षाचे, ३ तिसऱ्याचे. म्हणजे रिफॉर्मसारख्या ४१ लाख मतांच्या पक्षाला हक्काचा एकही प्रश्न नाही. पण एक ठिकाण असं आहे जिथे पडलेली मतंही मोजली जातात. विरोधी पक्षांना कामासाठी जो सरकारी निधी १९७५ पासून मिळतो, तो जागांवरही ठरतो आणि दर २०० मतांमागेही ठरतो. पैसे देताना मतं धरता, तर आवाज देताना का नाही?

निवांत वाचक

एक प्रश्न. लेस्टरवासी, तुम्ही भारतीय पासपोर्टवर आहात असं मागे लिहिलं होतंत. मग मत कसं दिलंत?

लेस्टरवासी

इथे कायदेशीर राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना संसदेसाठीही मत देता येतं, भारतीय त्यात आले. मतदारयादीत नाव नोंदवावं लागतं आणि केंद्रावर फोटो असलेलं ओळखपत्र दाखवावं लागतं, त्यात भारतीय पासपोर्ट चालतो. शाळेच्या हॉलमध्ये लाकडी आडोसा, दोरीने बांधलेली शिसपेन्सिल, कागदाची मतपत्रिका. नोकरीसाठी आलेल्या कित्येक मराठी कुटुंबांना हे ठाऊकच नसतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

टेम्सतीर

आता प्रमाणशीर पद्धतीची दुसरी बाजू. जर्मनीत फेब्रुवारी २०२५ ला एका नव्या डाव्या पक्षाला ४.९८ टक्के मतं पडली. संसदेत जागा मिळण्यासाठीची पाच टक्क्यांची अट थोडक्यात हुकली आणि जवळपास २५ लाख मतांना एकही जागा नाही. मग वाया गेलेल्या मतांचं दुःख तिथे संपलं का? नेदरलँड्समध्ये नोव्हेंबर २०२३ ला मतदान झालं, सरकार बसायला जुलै २०२४ उजाडला आणि जून २०२५ मध्ये ते कोसळलं. त्या सात महिन्यांत बंद दाराआड ज्या तडजोडी झाल्या, त्यावर कुठल्या मतदाराने शिक्का मारला होता?

विदर्भकन्या

घटना समितीत जानेवारी १९४९ ला हाच प्रश्न आला होता. डॉ. आंबेडकरांनी प्रमाणशीर पद्धतीला विरोध केला, त्याची मुख्य कारणं दोन: साक्षरता फार कमी आहे, आणि विधिमंडळाचे तुकडे पडले तर स्थिर सरकार टिकणार नाही. पहिलं कारण ब्रिटनला लागू नाही. दुसऱ्याचं काय करायचं? २०१९ ते २०२४ मध्ये हुजूर पक्षाकडे भक्कम बहुमत होतं आणि तरी तीन पंतप्रधान झाले. अस्थिरता पक्षाच्या आतूनही येते. त्यामुळे आंबेडकरांचं १९४९ चं उत्तर आजच्या लंडनला जसंच्या तसं लावू नये असं मला वाटतं.

लेस्टरवासी

टेम्सतीर, तुम्ही यादी पद्धतीवर टीका करताय आणि ती मला मान्य आहे. मी आयर्लंडची पद्धत म्हणतोय. एका मतदारसंघातून तीन ते पाच आमदार-खासदार म्हणा, पसंतीक्रमाने. नको असलेल्याला नाव घेऊन पाडता येतं, आणि शनिवारी रांगेत बसायला आपला प्रतिनिधीही असतो, उलट एकाऐवजी चार दारं. १९५९ आणि १९६८ मध्ये तिथल्या सत्ताधाऱ्यांनी ब्रिटिश पद्धत आणण्यासाठी सार्वमत घेतलं, लोकांनी दोन्ही वेळा नाही म्हटलं. उत्तर आयर्लंडची विधानसभाही याच पद्धतीने निवडली जाते. ब्रिटनमध्येच चालू असलेली गोष्ट आहे ही.

टेम्सतीर

आयर्लंडच्या पद्धतीबद्दल माझा विरोध बराच सौम्य आहे, हे कबूल. पण मग ती आणायची कुणी? ३ डिसेंबर २०२४ ला लिबरल डेमोक्रॅट सारा ओल्नी यांचं विधेयक १३८ विरुद्ध १३६ असं पुढे सरकलं, म्हणजे ६५० खासदारांच्या सभागृहात निम्मेही मतदानाला नव्हते. मजूर पक्षाच्या २०२४ च्या जाहीरनाम्यात हा विषय नव्हता. लोकांनी २०११ मध्ये नाही म्हटलेली गोष्ट खासदारांनी परस्पर बदलायची नाही. आधी सार्वमत.

लेस्टरवासी

सार्वमताला माझी ना नाही. फक्त कृष्णाकाठ यांनी वर लिहिलंय ते पुन्हा वाचा. २०११ ला लोकांपुढे पसंतीक्रम ठेवला होता. जेवढी मतं तेवढ्या जागा हा पर्याय मतपत्रिकेवर नव्हताच, त्यामुळे त्यावर ब्रिटिश मतदाराने अजून हो किंवा नाही काहीच म्हटलेलं नाही.