स्टेट बोर्डाची बारावी परदेशी विद्यापीठात चालते का? मुलीसाठी सल्ला हवा

मांजराकाठ (अहमदपूर, जि. लातूर)
नमस्कार. मुलगी यंदा लातूर विभागीय मंडळातून बारावी सायन्स झाली. ६०० पैकी ४८९. इंग्रजी ७८, गणित ८३, जीवशास्त्र ८४, बाकी सगळे याच्याच आसपास. तिला बायोटेक्नॉलॉजी करायचंय आणि दीड वर्षापासून जर्मनीचं डोक्यात आहे. मेडिकलची 'नीट' परीक्षा दिली नाही, द्यायची पण नाही म्हणते.

गेल्या आठवड्यात लातूरला एका सल्ला केंद्रात गेलो. तिथल्या माणसानं मेमो (गुणपत्रिका) हातात घेतला, खाली ठेवला आणि म्हणाला, "स्टेट बोर्ड तिकडं मान्यच नाही. दिल्लीहून समकक्षता प्रमाणपत्र काढावं लागतं. पंचेचाळीस हजार. नाहीतर दुसऱ्या बोर्डातून बारावी पुन्हा द्या." अर्धे पैसे त्याच दिवशी भरा म्हणत होता. आम्ही वेळ मागून घेतला आणि निघालो. येताना एसटीत पोरगी एक शब्द बोलली नाही. दोन वर्षं खोली करून राहिली, मेसचं खाल्लं, आणि आता हे ऐकायचं?

तिचे बाबा म्हणतेत पैसे भरून टाकू, लेकराचं वर्ष जायला नको. मला पटेना. कुणाचं लेकरू या वाटेनं गेलं असेल तर खरं काय ते सांगा.

गोदाकाठ (नांदेड, सध्या जर्मनी)
काकू, एक रुपयासुद्धा भरू नका. मी पण स्टेट बोर्डाचाच, लातूर विभागाचाच, आणि इथं तिसऱ्या सत्रात शिकायलोय.

दिल्लीच्या प्रमाणपत्राचं आधी सांगतो. भारतीय विद्यापीठ संघ, म्हणजे एआययू, समकक्षता देतो, पण ती उलट्या दिशेची. बाहेरच्या देशात शिकून आलेल्याला भारतात प्रवेश हवा असेल तेव्हा ती लागते. आपली बारावी बाहेर नेताना तिचा संबंध येत नाही. महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ हे सरकारी मंडळ आहे. मुख्यालय पुणे, विभाग नऊ, त्यातला एक लातूर. त्याची बारावी बारा वर्षांचं शालेय शिक्षण म्हणून सगळीकडं ओळखली जाते.

घोळ कुठं होतो ते नीट समजून घ्या. बारावी मान्य असणं एक, आणि तेवढ्या बारावीवर थेट पदवीला बसता येणं दुसरं. जर्मनीत त्यांची स्वतःची शालेय परीक्षा आपल्या बारावीपेक्षा वरची धरतात. त्यामुळं नुसत्या बारावीवर आपल्याला थेट प्रवेश नाही, आणि यात सीबीएसईवाला पण आपल्याच रांगेत असतो. स्टेट बोर्ड म्हणून कुणी खाली ढकलत नाही. कोणत्या देशाची कोणती परीक्षा कशी धरायची याची त्यांची सरकारी नोंदवही आहे, अनाबिन नावाची. ती ऑनलाइन आहे, फुकट बघता येते. जर्मन भाषेत आहे, पण भाषांतर करून वाचता येते. मुलीला स्वतः बघू द्या.

आत जायला तीन वाटा आहेत. जेईई ॲडव्हान्स्ड पास असेल तर तांत्रिक आणि विज्ञान शाखांना थेट. किंवा इथंच मान्यताप्राप्त विद्यापीठात त्याच विषयाच्या पदवीचं पहिलं वर्ष व्यवस्थित पास व्हायचं आणि मग त्या विषयापुरता थेट अर्ज करायचा. किंवा स्टुडियनकोलेग, म्हणजे तिकडं जाऊन दोन सत्रांचं तयारीचं वर्ष आणि शेवटी परीक्षा. मी तिसऱ्या वाटेनं आलो.

कोलेगचं जरा सविस्तर सांगतो, कारण याबद्दल कुणी धड सांगत नाही. सरकारी कोलेगला सहसा शिकवणी फी नसते, सत्राचं किरकोळ शुल्क असतं. खाजगी कोलेग हजारो युरो घेतात, आणि एजंट बहुतेक तिकडंच पाठवतात. सरकारीत शिरायला प्रवेश परीक्षा असते, जर्मन आणि गणित. गणित आपल्या पोरांना जड जात नाही, अकरावी-बारावीचा पाया पुरतो. जर्मनचा पेपर मात्र वेगळाच. एक उतारा देतात आणि त्यातल्या दर दुसऱ्या शब्दाचा मागचा अर्धा भाग खोडलेला असतो. तो आपण भरायचा. पहिल्यांदा तो कागद समोर आला तेव्हा वीस मिनिटांत माझे हात गार पडले. मी नापास झालो. दुसऱ्या वेळेला घेतलं. म्हणून सांगतो, जर्मनच्या बी-एक पातळीवर थांबू नका, पुढची बी-दोन पातळी इथंच करून घ्या. पुण्यात मॅक्स म्युलर भवन आहे, ऑनलाइन वर्ग पण असतात.

गुणांचं पण सांगतो. त्यांच्याकडं १ सगळ्यात चांगला, ४ म्हणजे काठावर पास. आपले शंभर आणि पासचे पस्तीस धरून सूत्र लावतात. ४८९ म्हणजे साडेएक्याऐंशी टक्के, त्याचे साधारण १.८५ येतात. चांगले आहेत.

बालाघाट (बीड)
माझी मुलगी इंग्लंडमध्ये आहे, तिकडचं सांगतो. तिकडं प्रत्येक विद्यापीठ आपल्या साइटवर भारतासाठी वेगळं पान ठेवतं. त्यात बोर्डाप्रमाणं टक्केवारी लिहिलेली असते. स्टेट बोर्डाला सीबीएसईपेक्षा चार-पाच टक्के जास्त मागणारी विद्यापीठं बरीच दिसतात. आम्हाला वाईट वाटलं, पण निदान लिहून तरी ठेवतात, अंदाज बांधता येतो. बारावीच्या इंग्रजीत सत्तर-पंच्याहत्तरच्या वर असतील तर आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा माफ करणारी विद्यापीठं आहेत. तुमच्या लेकीचे ७८ आहेत, ते वाया घालवू नका. मात्र काही ठिकाणी ही सवलत ठरावीक बोर्डांनाच असते, तेव्हा ईमेल करून लेखी उत्तर घ्या. आमच्या मुलीनं सहा ठिकाणी ईमेल केले, पाच ठिकाणांहून आठवड्याच्या आत उत्तर आलं. फीचा आकडा मोठा आहे तिकडं, ते आधीच सांगतो.

जुना_कारकून (लातूर)
ताई, मी कनिष्ठ महाविद्यालयाच्या कार्यालयात अठ्ठावीस वर्षं काढली. पोरांचे अर्ज बोर्डामुळं अडकताना मी फार कमी बघितले. अडकतात ते कागदांमुळं.

परदेशी अर्जात 'स्कूल लीव्हिंग सर्टिफिकेट' असा रकाना येतो. आपली पोरं तिथं शाळा सोडल्याचा दाखला चढवतात, म्हणजे टीसी. नाव तसंच आहे ना! त्यांना हवं असतं बारावी पास झाल्याचं बोर्डाचं प्रमाणपत्र. टीसीवर ना विषय, ना गुण. मग अर्ज अपूर्ण म्हणून परत येतो आणि घरात बोंब होते की बोर्ड मान्य नाही. 'सेकंडरी' दिसलं की दहावीचा मेमो लावणारे पण आहेत. तिथं त्यांना शालेय शिक्षणाचा शेवटचा टप्पा अभिप्रेत असतो, म्हणजे बारावी. मेमो वेगळा, बोर्डाचं प्रमाणपत्र वेगळं, टीसी वेगळी. प्रमाणपत्र कित्येक पोरं कॉलेजातून नेतच नाहीत, कपाटात गठ्ठे पडून असतात. आधी ते ताब्यात घ्या.

दुसरं नावाचं. आपल्या मेमोवर आडनाव आधी, मग मुलीचं नाव, मग वडिलांचं, आणि आईचं नाव खालच्या ओळीत. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा, नावाचा वेगळा. तिकडचा माणूस मेमोवरचा पहिला शब्द मुलीचं नाव समजतो. अर्ज भरताना सगळीकडं पासपोर्टप्रमाणंच भरा आणि मेमोवर आडनाव आधी असतं असं कॉलेजच्या लेटरहेडवर प्राचार्यांच्या सहीचं पत्र घेऊन ठेवा. मी अशी पत्रं कितीतरी टाइप केली आहेत, कुणाला नाही म्हणालो नाही.

आणि मंडळाचं नाव लिहिताना नुसतं 'लातूर बोर्ड' लिहू नका. पूर्ण नाव लिहायचं, पुढं विभाग लातूर.

दुधना (परभणी)
मध्येच विचारतो, माफ करा. पुतण्याला एमबीबीएसला जॉर्जियाला पाठवायचंय. बारावी स्टेट बोर्ड, पीसीबी. त्याचं पण असंच असतं का?

बालाघाट
दादा, त्यात तिकडच्या विद्यापीठापेक्षा आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचं बघा. नीट पात्र असल्याशिवाय पाठवू नका, नंतर इथं प्रॅक्टिसचा परवाना मिळत नाही. २०२१ च्या नियमांप्रमाणं अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजी माध्यमाचा, आणि त्याच संस्थेत वर शिवाय १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी. यातलं एक जरी कमी असलं तर ते कॉलेज कितीही स्वस्त असो, सोडून द्या.

दुधना
आभार. मूळ विषयावर माझं मत सांगतो. ताई, पदवी इथंच करू द्या. एमएस्सीला पाठवा. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसारख्या सरकारी योजना बहुतेक पदव्युत्तर आणि पीएचडीलाच आहेत, बारावीनंतर त्यातलं फारसं काही मिळत नाही. सतरा-अठरा वर्षांची पोर, परका मुलूख, वर खर्च.

गोदाकाठ
काकांचं शिष्यवृत्तीचं खरं आहे. खर्चाचं पण लपवत नाही. व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधी एका खात्यात अडकवून दाखवावे लागतात, त्यातून महिन्याला ९९२ मिळतात. युरो शंभराच्या आसपास धरला तर बारा लाखांच्या घरात जातं. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही, पण बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्यात आपल्याला सत्राला १,५०० युरो आहेत, आणि म्युनिकच्या टेक्निकल विद्यापीठानं पण आता फी सुरू केली आहे.

पण लहान आहे म्हणून नको, हे मला पटत नाही काका. अहमदपूरहून लातूरला सोळाव्या वर्षी एकटी राहिलीच ना ती.

मला वाटतं काकू, यंदा घाई करू नये. बऱ्याच विद्यापीठांची हिवाळी सत्राची मुदत १५ जुलै असते आणि काही कोलेगच्या मुदती त्याच्याही आधी संपतात. आपला निकाल मे महिन्यात, मेमो हातात यायला आणखी दिवस. त्यात एपीएस, म्हणजे जर्मन दूतावासाच्या कागद तपासणाऱ्या विभागाचं, प्रमाणपत्र लागतं. दिल्लीचं म्हणाल तर खरोखर लागणारा कागद हा आहे. दहावी-बारावीची कागदपत्रं खरी आहेत हे तपासून ते देतात. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना सक्तीचं आहे, फी १८,०००, अर्ज आपला आपण करता येतो, आणि यायला काही आठवडे लागतात. बहुतेक तुमच्या त्या माणसानं याचंच नाव बदलून पंचेचाळीस सांगितले असतील. त्यानंतर पुष्कळशी विद्यापीठं अर्ज युनी-असिस्ट या सामाईक अर्ज केंद्रामार्फत घेतात, पहिल्या अर्जाला ७५ युरो, त्याच सत्रात पुढच्या प्रत्येकाला ३०.

तेव्हा यंदा तिला बीएस्सी बायोटेक्नॉलॉजीला घाला, नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाच्या कॉलेजात चालेल. सोबत जर्मन. वर्षाअखेर पहिलं वर्ष पास आणि बी-दोन हातात असेल, तर कोलेगला अर्ज करता येतो, आणि थेट प्रवेशाची वाट पण उघडते, मात्र जर्मन माध्यमाच्या पदवीला थेट जायला बहुतेक ठिकाणी त्याच्याही वरची सी-एक पातळी मागतात. वर्ष वाया गेलं असं होत नाही. गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवलंय हे फार बरं केलं तिनं. माझ्या वर्गातल्या दोघांनी नीटच्या नादात अकरावीलाच गणित सोडलं होतं, त्यांना इंजिनिअरिंगची दारं बंद झाली.

बालाघाट
इटली पण बघा. बारा वर्षांचं शिक्षण त्यांना पुरतं, थेट पदवीला जाता येतं. कागदांची तुलना चिमेआ नावाची त्यांची संस्था करते, पूर्वनोंदणी युनिव्हर्सइटली या सरकारी पोर्टलवर. घरच्या उत्पन्नावर शिष्यवृत्ती देणाऱ्या प्रादेशिक योजना आहेत, शेतकरी घराला त्याचा उपयोग होतो. कागदांना अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, लागतं. अमेरिकेचा विचार असेल तर नववीपासूनचे गुण मागतात, तेव्हा जुन्या शाळेतून नववीचा निकाल सहीशिक्क्यानं काढून ठेवा.

मांजराकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आम्ही तिघंजण मोबाइल घेऊन बसलो. पोरीनं अनाबिन उघडलं, भारत शोधला, आणि भाषांतर करून तिच्या बाबांना एकेक ओळ वाचून दाखवली. ते शेवटी एवढंच म्हणाले, "मग तो माणूस खोटं का बोलला?" पैसे भरणार नाही आता. बीएस्सीचा अर्ज भरतोय, जर्मनचा ऑनलाइन वर्ग पण बघितला.

कारकून काका, तुमचं वाचून कागद काढले. बारावीच्या मेमोवर आईच्या नावात, म्हणजे माझ्या नावात, एक अक्षर चुकलंय. तिच्या पासपोर्टवर बरोबर आहे. याचं काही होईल का?

जुना_कारकून
होईल ताई, पण एपीएसचा अर्ज करण्याआधी करा. दुरुस्ती तुम्ही थेट बोर्डात मागायची नाही, कॉलेजमार्फत प्रस्ताव जातो. सोबत जनरल रजिस्टरचा उतारा लागतो. म्हणून आधी दहावीचा मेमो आणि शाळेच्या रजिस्टरला नाव कसं आहे ते बघा. तिथं बरोबर असेल तर काम सोपं. तिथंच चूक असेल तर सुरुवात दहावीच्या शाळेपासून करावी लागते.

मांजराकाठ
दहावीचा मेमो आत्ता ट्रंकेतून काढून बघितला. त्यावर बरोबर आहे. शाळा गावातच आहे, उद्या सकाळी रजिस्टरचा उतारा मागते आणि दुपारच्या एसटीनं लातूरला कॉलेजात जाते. पोरगी म्हणते मी पण येते, प्रमाणपत्र पण घेऊन येऊ.