फॅमिली ग्रुप: शनिवारसाठी व्होडका कॉकटेलं, काय आणायचं आणि कसं करायचं

ताई: शनिवारी आठ-दहा जण जमतोय. या वेळी घरीच व्होडकाची कॉकटेलं करायचं मनात आहे, नेहमीची क्लासिक. कुठली बाटली आणू? महागातली घेतली की काम सोपं होतं का?

मी: ताई, बाटलीवर फार डोकं खर्च करू नकोस. व्होडका करतानाच तिचा वास आणि चव कमी करण्यावर भर असतो. ४० टक्क्यांच्या आसपासची, फ्लेवर नसलेली, मधल्या दर्जाची कुठलीही चालेल. लिंबू, आलं, टोमॅटो पडल्यावर बाटलीतला फरक बहुतेकांना कळत नाही. पण व्होडका अशी मागे राहते म्हणूनच बाकीचं सगळं उघडं पडतं. बाटलीबंद लिंबाचा रस, फ्रीजरचा वास लागलेला बर्फ, अंदाजाने ओतलेला पाक, यातलं काही रममध्ये खपून जाईल, व्होडकात नाही. बाटलीवर वाचलेले पैसे लिंबांवर आणि बर्फावर घाल.

दादा: नाही पटत. मार्टिनीत बाटलीचा फरक लगेच कळतो.

मी: मार्टिनीपुरतं तुझं शंभर टक्के बरोबर दादा. ६० मिली व्होडका आणि १० मिली ड्राय व्हर्मूथ (वनौषधींचा स्वाद असलेली वाईन), लपायला जागाच नाही. तिथे चांगली बाटली हवी. ताईला दहा जणांसाठी मार्टिनी करायची नाहीये म्हणून तसं म्हटलं.

वहिनी: भावोजी, आमच्याकडे शेकर नाही, म्हणजे पेय बर्फासकट हलवायचं ते भांडं, आणि ते छोटं मापही नाही. अडेल का?

मी: शेकरवाचून अजिबात अडत नाही वहिनी. घट्ट झाकणाची, रुंद तोंडाची स्टीलची बाटली घ्या आणि चहाची गाळणी. मापावाचून मात्र अडतं. पोह्याचा मोठा चमचा, छोटा चमचा असलं काही नको, प्रत्येक घरात चमचे वेगळे असतात. खोकल्याच्या औषधाबरोबर मिलीच्या रेघा असलेलं प्लॅस्टिकचं टोपण येतं ना, ते स्वच्छ धुऊन घ्या. त्यावर ५, १०, १५ अशा खुणा असतात, याहून जास्त काही लागत नाही. डोळ्याच्या अंदाजाने ओतलं की हात हमखास व्होडकाकडे सैल सुटतो आणि लिंबाकडे आखडतो.

मावशी: अरे मला एक सांग, यात आंबटगोडाचं गणित काय असतं? मला कडूजार नको आणि सरबतही नको.

मी: मावशी, मूळ गणित सोपं आहे. लिंबाचा रस आणि साखरेचा पाक साधारण सारखे, व्होडका त्यांच्या दुपटीने. समजा ४५ मिली व्होडका, २० लिंबू, २० पाक (पुढेही नुसता आकडा म्हणजे मिली). पाक म्हणजे एक वाटी साखर, एक वाटी पाणी, विरघळेपर्यंत गरम करायचं आणि गार करून फ्रिजमध्ये ठेवायचं. तार वगैरे येऊ द्यायची नाही. पाकाऐवजी संत्र्याचं लिक्युअर (संत्र्याच्या स्वादाची गोड दारू) घातलंस की गोडवा तिथूनच येतो. व्होडका, संत्र्याचं लिक्युअर आणि लिंबाचा रस तिन्ही ३०-३० मिली घे, कामिकाझे झालं. त्यात क्रॅनबेरीचा रस आला की कॉस्मोपॉलिटन: ४० व्होडका (लिंबाच्या स्वादाची असेल तर उत्तम), १५ लिक्युअर, १५ लिंबू, ३० क्रॅनबेरी. रंग फिका गुलाबी यायला हवा. लालभडक दिसला तर क्रॅनबेरी जास्त पडली आणि आता ते सरबत झालंय असं समज.

ताई: लिंबं आदल्या दिवशी पिळून ठेवू का? शनिवारी गडबड असेल.

मी: नको ताई. रस त्याच दिवशी पीळ, पाहुणे यायच्या तासभर आधी. रात्रभर ठेवलेल्या रसाचा ताजा वास उडतो आणि मागे नुसता आंबटपणा राहतो. बाकी सगळं आधी करून ठेव. आठ कॉस्मोंसाठी ३२० व्होडका, १२० लिक्युअर, २४० क्रॅनबेरी एकत्र करून बाटली फ्रिजमध्ये. आयत्या वेळी १२० मिली लिंबू घालायचं, दोन-दोन ग्लासांचं मिश्रण बर्फावर हलवायचं, गाळून द्यायचं.

दादा: मी तर व्होडका सरळ फ्रीजरमध्ये ठेवतो. मग एवढा बर्फ लागतच नाही. सोपा उपाय.

मी: दादा, इथेच बहुतेक घरची कॉकटेलं बिघडतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. ४० टक्क्यांची व्होडका साधारण उणे २७ अंशांना गोठते, घरचा फ्रीजर उणे १८ चा, म्हणून ती दाटसर होते पण गोठत नाही. नुसती प्यायला छान. पण शेकरमधला बर्फ दोन कामं करतो, गार करतो आणि वितळून पाणी देतो. नीट हलवलेल्या पेयात जवळपास पाव भाग पाणी त्या बर्फाचंच असतं, आणि ते पाणी पाककृतीत धरलेलं असतं. व्होडका आधीच गारठलेली असेल तर बर्फ पुरेसा वितळत नाही, पेय गार होतं पण जळजळीत राहतं. मग लोक म्हणतात व्होडका वाईट होती. हलवायच्या कॉकटेलला बाटली फ्रीजरबाहेरचीच घे.

मार्टिनीला फ्रीजरची वापरायची असेल तर ग्लासात ओतताना फ्रिजमधलं गार पाणी १५ मिली मोजून घाल. ते पाणी आधीच बाटलीत मिसळून फ्रीजरमध्ये ठेवू नकोस. अल्कोहोलचं प्रमाण उतरलं की बर्फाचा चुरा धरायला लागतो.

दादा: हे माहीत नव्हतं. पाणी घालून बघतो.

वहिनी: किती वेळ हलवायचं? आणि मार्टिनी हलवायची की ढवळायची?

मी: रस, क्रीम, कॉफी असेल तर हलवायची, दहा-बारा सेकंद, हाताला चटका बसेल इतकी बाटली गार होईपर्यंत. सगळंच पारदर्शक असेल, म्हणजे व्होडका आणि व्हर्मूथ, तर ढवळायची, अर्धा मिनिट तरी. हलवलं की हवेचे बारीक बुडबुडे आणि बर्फाचे कण मिसळतात, पेय गढूळ दिसतं. चवीला कुणाला तेही आवडतं, मला ढवळलेली मऊ मार्टिनी आवडते.

सगळ्यांनी लक्षात ठेवा: सोडा, जिंजर बिअर (आल्याचं पेय, आपल्याला बिनदारूचं हवं), कुठलंही फसफसणारं पेय बंद बाटलीत हलवायचं नाही. झाकण उडून डोळ्याला लागू शकतं. ते नेहमी शेवटी, वरून.

मामा: मॉस्को म्यूल नावावरून रशियन वाटतं, पण ते अमेरिकेतलं ना?

मी: हो मामा, अमेरिकेतलंच. ह्यूब्लाइन कंपनीच्या जॉन मार्टिनने १९३९ साली स्मिरनॉफ व्होडकाचे अमेरिकेतले हक्क घेतले, पण तिथे तेव्हा व्होडका फारशी कुणी पीत नव्हतं. लॉस एंजेलिसमध्ये ‘कॉक अँड बुल’ हा बार चालवणाऱ्या जॅक मॉर्गनकडे जिंजर बिअर पडून होती. दोघांच्या न खपणाऱ्या मालातून १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला हे पेय निघालं अशी गोष्ट सांगतात. अमेरिकेत व्होडका रुजण्यात म्यूलचा मोठा वाटा आहे.

करायला सगळ्यात सोपं तेच. ग्लास बर्फाने काठोकाठ, ४५ व्होडका, १० लिंबू, वरून १२० जिंजर बिअर, एकदाच हलकं ढवळायचं. जिंजर एल आणू नका, ते गोड आणि मिळमिळीत असतं. आल्याचा ठसका घशात जाणवला पाहिजे.

मामा: माझ्याकडे तांब्याचे मग आहेत. घेऊन येतो.

मी: मामा, आतून बघ आधी. आतही तांबंच दिसत असेल तर लिंबाचं पेय त्यात नको. आंबटात तांबं उतरतं. अमेरिकेच्या अन्नसुरक्षा नियमांतही ६ पेक्षा कमी पीएच असलेल्या (पीएच जितका कमी तितकं आंबट) पदार्थाला तांब्याचा स्पर्श नको असं म्हटलंय, आणि म्यूल त्याच्या बरंच खाली असतं. आतून कल्हई, निकेल किंवा स्टीलचा थर असेल तर खुशाल आण.

मामा: आतून पांढरे आहेत, स्टील असावं. आणतो.

मावशी: मला ब्लडी मेरी हवी. एकदा प्यायले होते ती पाणचट होती, वर फेस.

मी: म्हणजे शेकरमध्ये जोरात हलवली असणार. टोमॅटोचा रस जोरात हलवला की फेसाळतो आणि दाटपणा मोडतो. दोन मोठे ग्लास घ्यायचे आणि बर्फासकट यातून त्यात, त्यातून यात, चार-पाच वेळा सावकाश ओतायचं. प्रमाण ४५ व्होडका, ९० टोमॅटो, १५ लिंबू, मग वूस्टरशर सॉसचे दोन-तीन थेंब, टबॅस्को (मिरचीचा तिखट सॉस), मीठ, मिरी. मिरी भरडच कुटायची, तयार पूड नको.

पॅरिसच्या ‘हॅरीज न्यूयॉर्क बार’मधल्या फर्नांद पेतियोचं नाव या पेयाशी जोडलेलं आहे. तो पुढे न्यूयॉर्कच्या सेंट रेजिस हॉटेलात गेला आणि तिथे त्याने ते तिखट-मसालेदार केलं. मला तर त्यातली व्होडका काढली तरी ते पूर्ण पेय वाटतं. मावशी, तुझ्यासाठी तसाही एक ग्लास करेन, घेऊन बघ.

वहिनी: भावोजी, वूस्टरशर सॉसमध्ये मासे असतात ना? मी शाकाहारी आहे.

मी: बरं झालं विचारलंत. पारंपरिक सॉसमध्ये अँचोव्ही मासे असतात. माशाशिवाय केलेलाही मिळतो, लेबल वाचून घेऊ. नाही मिळाला तर थोडा सोया सॉस आणि किंचित व्हिनेगर, काम होतं.

काका: मला जेवणानंतरचं काहीतरी सांग. गोड, कॉफीचं.

मी: काका, तुमच्यासाठी दोन आहेत. ब्लॅक रशियन: ५० व्होडका, २० कॉफी लिक्युअर, बर्फावर ढवळायचं, बस. वरून ताजं क्रीम सोडलं की व्हाइट रशियन. दुसरं एस्प्रेसो मार्टिनी. ते डिक ब्रॅडसेलने १९८० च्या दशकात लंडनमध्ये केलं. ५० व्होडका, ३० कॉफी लिक्युअर, १० पाक आणि एक ताजा कडक एस्प्रेसो. कॉफी दोन मिनिटं निवू द्यायची, उकळती ओतली तर बर्फ एकदम वितळून पेय पातळ होतं. मग सगळ्यांत जोरात, जास्त वेळ हलवायचं ते हेच. तो तपकिरी फेस ताज्या कॉफीमुळे येतो, कालची कॉफी घेतली तर येत नाही.

तुम्ही म्हणालात म्हणून सांगतो, गोड लागतं म्हणून हलकं समजू नका. म्यूलमध्ये शुद्ध अल्कोहोल साधारण १४ ग्रॅम, ब्लॅक रशियनमध्ये लिक्युअर धरून १९ ग्रॅमच्या आसपास. आणि कॉफीने झोप उडते, चढलेली उतरत नाही. एस्प्रेसो मार्टिनी घेऊन ‘मी ठीक आहे’ म्हणत गाडीला हात लावायचा नाही.

काका: मान्य. एकच घेईन, गाडी तुझी काकू चालवेल.

ताई: मी सी ब्रीझ पण धरलं होतं. व्होडका, क्रॅनबेरी, ग्रेपफ्रूट. दिसायला सुंदर असतं.

मी: ताई, ग्रेपफ्रूट आपल्या या घोळक्यात नको. कोलेस्टेरॉलच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या त्याच्या रसामुळे शरीरात नीट मोडल्या जात नाहीत, रक्तातलं औषध वाढतं. आपल्याकडे निम्मे जण यांतली एखादी तरी गोळी घेतात. मामा, काका, गोळ्या चालू असताना मुळात दारू चालेल का हे डॉक्टरांना फोन करून आधीच विचारा, ग्रुपवर ठरवायची गोष्ट नाही ती.

मामा: उद्याच विचारतो.

ताई: मग ठरलं. म्यूल, कॉस्मो, मावशीची ब्लडी मेरी, शेवटी काकांची कॉफी. जे घेत नाहीत त्यांना?

मी: त्यांना उरलेलं सरबत द्यायचं नाही, त्यांचंही नीट मोजून करायचं. जिंजर बिअर, २० लिंबू, पुदिना, भरपूर बर्फ, त्याच मगमध्ये. आणि टोमॅटोवालं आहेच.

वहिनी: बर्फ किती लागेल?

मी: माणशी अर्धा ते एक किलो धरा. हलवायला वेगळा, ग्लासात वेगळा. शेकरमधला वापरलेला बर्फ टाकून द्यायचा, ग्लासात नेहमी नवा. घरचा बर्फ असेल तर आजच ट्रे रिकामे करून ताज्या पाण्याने भरा आणि जमलेले खडे झाकणाच्या डब्यात ठेवा, उघडा राहिला की फ्रीजरमधल्या सगळ्याचा वास धरतो. खडे मोठे असू देत, चुरा झटकन वितळतो.

दादा: बर्फ माझ्याकडे. आठ किलो आणतो, आणि मार्टिनीची माझी बाटली वेगळी. १५ मिली पाणी घालून आणि न घालता, दोन्ही एक-एक घोट शेजारी ठेवू, मावशीला न सांगता चाखायला देऊ.

मावशी: मला सांगितलंस की आत्ताच. पण चालेल, देईन निकाल.